फ्रेगेपासून कॅप्लानपर्यंत वीस आठवडे : भाषेच्या तत्त्वज्ञानाच्या एका दूरस्थ अभ्यासक्रमाचे परीक्षण

जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेगे यांच्या १८९२ मधील लेखापासून अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड कॅप्लान यांच्या दर्शक शब्दांवरील ('मी', 'आज' यांसारख्या शब्दांवरील) विवेचनापर्यंत वीस आठवड्यांत नेऊन पोहोचवणारा एक इंग्रजी दूरस्थ अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला साधारण पाऊण तासाचे एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान, त्यासोबत एक मूळ लेख, त्या लेखावर दहा प्रश्न, दर पंधरा दिवसांनी एक प्रत्यक्ष संवादसत्र आणि संपूर्ण काळात दोन निबंध, अशी त्याची रचना आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे संस्थेचे नाव घेत नाही. मात्र असे अभ्यासक्रम आता बरेच उपलब्ध आहेत आणि त्यांची घडणही साधारण सारखीच असते, त्यामुळे या विषयाकडे वळू पाहणाऱ्यांना या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

आधी निष्कर्ष सांगतो. जिथे जिथे हा अभ्यासक्रम एकच छोटा लेख हातात घेऊन त्याच्या परिच्छेदांवरून संथपणे जातो तिथे तो उत्कृष्ट आहे, आणि जिथे जिथे तो एखाद्या विचारवंताचा 'परिचय' करून देऊ लागतो तिथे तो पुस्तकाच्या मलपृष्ठावरील मजकुराइतका निरुपयोगी ठरतो. या विषयात तसे होणे स्वाभाविकही आहे. या परंपरेतील बरेचसे निर्णायक लिखाण पंधरा-वीस किंवा फार तर चाळीस पानांच्या लेखांच्या रूपात आहे, आणि त्या लेखांचे बळ निष्कर्षापेक्षा निष्कर्षापर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांमध्ये आहे. 'नामाचा अर्थ म्हणजे वर्णन नव्हे' हे वाक्य पाठ करून हाती काहीच लागत नाही.

पहिले दोन आठवडे फ्रेगे यांना दिले आहेत आणि ते सगळ्यांत समाधानकारक आहेत. पहाटे दिसणारा तारा आणि सायंकाळी दिसणारा तारा हे दोन्ही म्हणजे शुक्रच. मग 'पहाटेचा तारा म्हणजे पहाटेचा तारा' हे वाक्य कुणालाही काही नवे सांगत नाही, आणि 'पहाटेचा तारा म्हणजे सायंकाळचा तारा' हे वाक्य मात्र खगोलशास्त्रातला एक शोध सांगते, हे कसे? दोन्ही नावांचे काम केवळ वस्तूकडे बोट दाखवणे एवढेच असते, तर दोन्ही वाक्यांत फरक उरायला नको होता. म्हणून फ्रेगे यांनी नाव ज्या वस्तूचा निर्देश करते ती वस्तू आणि ती वस्तू ज्या रीतीने आपल्यासमोर येते ती रीत, म्हणजेच नावाचा आशय, यांत भेद केला. अध्यापकांनी येथे घाई केली नाही. 'त्याला वाटते की...' अशा वाक्यांत शिरल्यावर शब्दाचा नेहमीचा निर्देश बाजूला पडतो आणि त्याचा नेहमीचा आशयच निर्देशाची जागा घेतो, हा लेखाचा अवघड उत्तरार्धही त्यांनी सोडला नाही. तो बहुतेक ठिकाणी सोडला जातो.

मी टिपणे मराठीत काढत होतो आणि येथेच पहिली ठेच लागली. इंग्रजीतल्या 'रेफरन्स'साठी मराठीत हमखास 'संदर्भ' हा शब्द वापरला जातो, पण 'कॉन्टेक्स्ट'लाही आपण 'संदर्भ'च म्हणतो. फ्रेगे यांचे १८८४ मधील प्रसिद्ध सूत्र असे की शब्दाचा अर्थ सुटा विचारू नये, तो वाक्याच्या संदर्भातच विचारावा. आता याच फ्रेगे यांच्याविषयी 'संदर्भ' हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरला तर वहीतले पान चार दिवसांनी स्वतःलाच वाचता येत नाही. मी 'रेफरन्स'ला 'निर्देश' म्हणायचे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. 'अर्थ' या शब्दाची गंमत तर याहून मोठी आहे. संस्कृतात 'अर्थ' म्हणजे आशय आणि 'अर्थ' म्हणजे वस्तूही, आणि 'पदार्थ' हा आपल्या रोजच्या वापरातला शब्द मुळात 'पदाचा अर्थ' असाच आहे. फ्रेगे यांनी जे दोन धागे वेगळे केले ते आपल्या एकाच शब्दात पीळ घालून बसलेले आहेत, हे कळायला मला जर्मन लेखाचे इंग्रजी भाषांतर वाचावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात बर्ट्रंड रसेल यांचा १९०५ मधील लेख येतो आणि अभ्यासक्रमाची पहिली मोठी उणीव उघडी पडते. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य रसेल तीन विधानांत फोडतात : फ्रान्सचा राजा असलेली निदान एक व्यक्ती आहे, अशी एकाहून अधिक व्यक्ती नाही, आणि जी कोणी अशी व्यक्ती आहे ती टकली आहे. हे मांडायला संख्यापकांची ('निदान एक', 'प्रत्येक' यांसारख्या शब्दांसाठीची) चिन्हे लागतात, आणि त्या चिन्हांची ओळख व्याख्यानात जेमतेम दहा मिनिटांत उरकली आहे. तर्कशास्त्राचे पूर्वज्ञान आवश्यक नाही असे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते. ते बरोबर नाही. ज्याने विधेय-तर्कशास्त्राचे, म्हणजे ही चिन्हे वापरणाऱ्या तर्कशास्त्राचे, निदान प्राथमिक धडे गिरवलेले नाहीत, त्याला या आठवड्यात रसेल यांचा निष्कर्ष कळेल, पण नकाराची व्याप्ती कुठवर आहे यावर सगळा खेळ कसा अवलंबून आहे हे कळणार नाही. 'राजा टकला नाही' याचे दोन अर्थ होतात. एकात राजा आहे पण त्याला केस आहेत. दुसऱ्यात 'टकला असा एक राजा आहे' हे संपूर्ण म्हणणेच नाकारलेले आहे. पहिला अर्थ असत्य, दुसरा सत्य. रसेल यांनी याच ठिकाणी हेगेलपंथीयांची, म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांच्या अनुयायांची, थट्टा केली आहे : परस्परविरोधी गोष्टींच्या समन्वयाची आवड असलेली ही मंडळी बहुधा राजा टोप घालतो असा निष्कर्ष काढतील. व्याख्यानात ही थट्टा आली, पण ती ज्या तर्कावर उभी आहे तो तर्क फलकावर (स्लाइडवर) येऊन दोन सेकंदांत गेला.

मराठी वाचकासाठी येथे आणखी एक पदर आहे, ज्याची अपेक्षा अभ्यासक्रमाकडून करता येणार नाही. रसेल यांचे सगळे विश्लेषण इंग्रजीतल्या 'द' या एका छोट्या निश्चित उपपदावर बेतलेले आहे, आणि मराठीत तसे उपपदच नाही. 'मुलगा आला' या वाक्यातला मुलगा ठरावीक आहे की कोणी एक, हे वाक्याबाहेरच्या गोष्टींवरून ठरते. मग निश्चितता ही शब्दात असते की बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या समान माहितीत? हा प्रश्न मी संवादसत्रात विचारला तेव्हा अध्यापकांनी तो उडवून लावला नाही. पीटर स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये रसेल यांच्यावर घेतलेला आक्षेप याच दिशेने जातो, असे त्यांनी दाखवून दिले. निर्देश वाक्य करत नाही, वाक्य वापरणारी व्यक्ती करते. आणि राजाच नसेल तर विधान असत्य ठरत नाही, त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही. पुढे कीथ डॉनेलन यांच्या १९६६ मधील लेखाने याच भेदाला आणखी धार दिली. तो लेख वाचनयादीत 'ऐच्छिक' म्हणून ठेवला आहे. माझ्या मते तो अनिवार्य हवा होता.

व्हिएन्ना मंडळ हा तत्त्वज्ञ-वैज्ञानिकांचा गट आणि अर्थाची पडताळणीक्षमता (विधान अनुभवाने पडताळता येत असेल तरच ते अर्थपूर्ण, हे त्यांचे मत) हा भाग एका आठवड्यात संपतो, आणि तेवढे पुरेसे आहे. आल्फ्रेड टार्स्की यांचा सत्यतेचा सिद्धान्तही थोडक्यात येतो. "'बर्फ पांढरे आहे' हे वाक्य सत्य आहे, जर आणि तरच बर्फ पांढरे असेल" हे नमुनावाक्य मराठीत उतरवताना क्रियापद बदलावे लागते. त्यामुळे इंग्रजीत जाणवणारी 'यात नवे ते काय' ही भावना मराठीत थोडी कमी होते. हा निव्वळ व्याकरणाचा योगायोग आहे, त्यावर काही उभारू नये.

विलार्ड क्वाइन यांच्या १९५१ मधील लेखाचा आठवडा उत्तम आहे. 'ब्रह्मचारी विवाहित नसतो' यासारखी विधाने केवळ अर्थामुळे सत्य असतात असे आपण सहज म्हणतो, पण 'केवळ अर्थामुळे' म्हणजे काय हे सांगायला गेलो की समानार्थकतेचा आधार घ्यावा लागतो, समानार्थकता सांगायला अनिवार्यतेचा, आणि अनिवार्यता सांगायला पुन्हा मूळ कल्पनेचा. अध्यापकांनी हे वर्तुळ फलकावर न काढता विद्यार्थ्यांकडून काढवून घेतले. ज्याने त्याने स्वतः व्याख्या करून पाहावी, आणि ती कुठे अडते ते लिहावे. मी चार प्रयत्न केले, चारही फसले, आणि क्वाइन काय म्हणत आहेत हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळले. त्याच आठवड्यात पॉल ग्राइस आणि स्ट्रॉसन यांचे १९५६ मधील उत्तरही वाचायला दिले आहे. एखाद्या भेदाची चोख व्याख्या करता येत नाही म्हणून तो भेदच नाही असे ठरत नाही, लोक तो भेद एकमताने आणि नव्या उदाहरणांनाही लावू शकतात याला काही किंमत आहे, असे ते म्हणतात. एक बाजू पटवून घेतल्यानंतर लगेच दुसरी बाजू तितक्याच जोराने समोर आणण्याची ही पद्धत अभ्यासक्रमभर टिकली असती, तर मला तक्रारीला जागा उरली नसती.

ती टिकली नाही. लुडविग विट्गेनश्टाइन यांच्या उत्तरकालीन विचारांना केवळ एक आठवडा मिळाला आहे आणि तो पूर्णपणे फलकांवर गेला आहे. त्यांचे १९५३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालेले पुस्तक क्रमांकित टिपणांचे आहे. लेखक स्वतःशीच वाद घालतो, एक आवाज दुसऱ्याला अडवतो, आणि उत्तर मिळाले असे वाटेपर्यंत प्रश्न बदललेला असतो. बांधकाम करणारा आणि त्याचा मदतनीस यांची चार शब्दांची भाषा, 'खेळ' म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्या गोष्टींत समान असे काय, प्रत्येकाच्या डबीतला ज्याला त्यालाच दिसणारा भुंगा, ही उदाहरणे वाचकाने स्वतः पायी चालायची असतात. येथे ती पर्यटकांच्या गाडीच्या खिडकीतून दाखवली आहेत. त्यातही एक चूक मला अक्षम्य वाटते. 'शब्दाचा अर्थ म्हणजे त्याचा भाषेतील वापर' हे त्रेचाळिसाव्या टिपणातले वाक्य फलकावर ठळक अक्षरांत होते, पण त्याच वाक्यातली 'पुष्कळशा उदाहरणांपुरते, सर्वच नव्हे' या आशयाची मर्यादा गाळलेली होती. ज्या माणसाने सर्वसाधारण सिद्धान्त मांडण्याच्या हव्यासावरच बोट ठेवले, त्याच्याच नावावर एक सर्वसाधारण सिद्धान्त चिकटवून दिला गेला. मी हे लेखी कळवले. फलक अजून तसाच आहे.

जे. एल. ऑस्टिन आणि ग्राइस यांच्या आठवड्यांत अभ्यासक्रम पुन्हा रुळावर येतो. ऑस्टिन यांची १९५५ मधील हार्वर्डची व्याख्याने १९६२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. 'मी वचन देतो', 'मी राजीनामा देत आहे' अशी वाक्ये कशाचे वर्णन करत नाहीत, ती उच्चारणे हीच कृती असते, हे व्याख्यानात नेमके आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्णन करणारी आणि कृती करणारी वाक्ये अशी जी विभागणी ऑस्टिन सुरुवातीला करतात ती पुढे ते स्वतःच मोडून काढतात, हेही आले. अर्धवट वाचून ऑस्टिन यांच्या माथी ती विभागणी कायमची मारणारे पुष्कळ भेटतात.

ग्राइस यांच्या विवेचनाशी मराठी वाचकाची तार लगेच जुळेल. विद्यार्थ्याची शिफारस करताना प्राध्यापकाने फक्त त्याची उपस्थिती नियमित असून भाषेवर प्रभुत्व आहे एवढेच लिहिले, तर न लिहिलेले काय ते वाचणाऱ्याला कळते. आपल्याला शाळेतल्या अलंकारांच्या पुस्तकापासून अभिधा, लक्षणा आणि व्यंजना ठाऊक असतात, 'सूर्य मावळला' या वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक निघणारी वेगळी सूचना ठाऊक असते, आणि म्हणून 'यात नवीन काय, हे तर आपल्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह होतो. संवादसत्रात एकाने तो मोह आवरला नाही. साम्य खरे आहे, पण ग्राइस यांचा दावा वेगळ्या ठिकाणी आहे. सूचितार्थ हा शब्दाची एखादी निराळी शक्ती नसून, बोलणारा सहकार्य करत आहे या गृहीतकावरून ऐकणाऱ्याने तर्काने काढलेला निष्कर्ष असतो, आणि 'तसे मला म्हणायचे नव्हते' असे म्हणून तो विसंगतीविना मागे घेता येतो. व्यंजनेला स्वतंत्र शब्दव्यापार मानावे की तिचे काम अनुमानानेच भागते, हा वाद आपल्या परंपरेतही झालेला आहे. तुलना करायचीच असेल तर ती त्या वादाशी करावी.

सॉल क्रिप्की यांच्या तीन व्याख्यानांसाठी तीन आठवडे ठेवले आहेत, आणि केवळ एवढ्यासाठीही हा अभ्यासक्रम घ्यावा असे मी म्हणेन. जानेवारी १९७० मध्ये प्रिन्स्टन येथे, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी ही व्याख्याने लिखित मजकुराविना दिली. ध्वनिमुद्रणावरून ती उतरवून घेतली गेली. म्हणूनच त्या गद्यात बोलण्याचा ओघ आहे आणि आडवळणेही आहेत. अध्यापकांनी ती आडवळणे कापली नाहीत. मुख्य युक्तिवाद समजून घेण्यासाठी मी आपल्याकडचे उदाहरण घेतले. आर्यभटाविषयी अनेकांच्या गाठीशी एकच माहिती असते, की त्याने शून्याचा शोध लावला. हे श्रेय त्याला जसेच्या तसे देणे इतिहासाच्या अभ्यासकांना मान्य नाही. आता नावाचा अर्थ म्हणजे आपल्या मनातले वर्णन असेल, तर हे लोक 'आर्यभट' म्हणताना नकळत दुसऱ्याच कुणा शोधकाविषयी बोलत असतात असे म्हणावे लागेल. ते उघडच चुकीचे आहे. ते आर्यभटाविषयीच बोलत असतात, फक्त त्याच्याविषयी चुकीचे बोलत असतात. नाव वस्तूला वर्णनातून चिकटलेले नसते, ते नामकरणापासून एकाकडून दुसऱ्याकडे आलेल्या साखळीतून आपल्यापर्यंत पोहोचते.

एक मोठी त्रुटी मात्र याच तीन आठवड्यांत आहे. नावे म्हणजे वस्तूंना लावलेल्या निव्वळ खुणा, ही कल्पना रूथ बार्कन मार्कस यांनी १९६१ मधील लेखात मांडली होती, आणि संख्यापकांसहित प्रकारतर्कशास्त्रावर (शक्यता आणि अनिवार्यता यांच्या तर्कशास्त्रावर) त्यांनी १९४६ पासून काम केले होते. त्यांचे नाव एकदाही आले नाही. विट्गेनश्टाइन यांच्या आठवड्यात भाषांतरकार एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांचे नाव फक्त तळटिपेत होते. वीस आठवड्यांच्या वाचनात एकाही स्त्रीचा लेख नसावा याला 'विषयच तसा आहे' हे उत्तर पटणारे नाही.

हिलरी पटनम यांचा १९७५ मधील लेख एका आठवड्यात उरकला असला तरी नेमका उरकला आहे. पाण्यासारखेच दिसणारे पण वेगळ्या रासायनिक घडणीचे द्रव्य असलेली जुळी पृथ्वी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला मात्र भाषिक श्रमविभागणीचा भाग अधिक मोलाचा वाटला. ऐन आणि किंजळ यांतला फरक मला झाड समोर ठेवूनही सांगता येणार नाही, तरीही माझ्या तोंडी हे दोन शब्द दोन वेगळ्या झाडांचेच निर्देश करतात, कारण फरक ओळखणारे लोक माझ्या भाषेत आहेत.

कॅप्लान यांचा आठवडा शेवटी येतो आणि तोवर अध्यापकही दमलेले दिसतात. 'मी', 'इथे', 'आज' यांसारख्या शब्दांचा नियम स्थिर असतो आणि आशय मात्र प्रसंगागणिक बदलतो, हा भेद स्पष्ट झाला, पण उदाहरणे पुस्तकी होती. मराठीत याची मेजवानीच आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळला जातो आणि 'आपण' म्हणताना तो बहुधा सामील होतो. 'परवा' हा शब्द तर मागेही जातो आणि पुढेही, आणि कोणत्या बाजूला जायचे हे क्रियापदाच्या काळावरून ठरते. 'परवा'चा नियम एक मानावा की दोन? या प्रश्नावर मी दुसरा निबंध लिहिला.

आता सेवेविषयी. प्रत्येक लेखानंतरचे दहा बहुपर्यायी प्रश्न काढून टाकावेत. रसेल यांच्या युक्तिवादाला चार पर्यायांत कोंबण्याने काहीच साधत नाही. यंत्राने तयार केलेली उपशीर्षके विश्वासार्ह नाहीत. 'सेन्स'च्या जागी 'सिन्स' येते हे चालवून घेता येईल, पण नकार गळून विधान उलटे होते तेव्हा नवखा विद्यार्थी फसतो. संवादसत्रे उत्तम आहेत, कारण गट लहान ठेवला आहे आणि अध्यापक 'तुम्हाला काय वाटते' असे न विचारता 'कोणत्या परिच्छेदात' असे विचारतात. निबंधांवरचे अभिप्राय मात्र निराशाजनक आहेत. पहिला निबंध सात आठवड्यांनी परत आला, आणि त्यावरची तीन वाक्ये अशी होती की ती कोणत्याही निबंधाखाली लिहिता आली असती.

ज्यांना या विषयाची नुसती तोंडओळख हवी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण आठवड्याला सहा-सात तास वाचनाला लागतात आणि लेख दोनदा वाचल्याशिवाय व्याख्यान कळत नाही. ज्यांना युक्तिवाद उलगडायला आवडते त्यांनी आधी महिनाभर प्राथमिक तर्कशास्त्र करावे, विट्गेनश्टाइन यांच्या आठवड्यात फलक बंद करून मूळ पुस्तकाची पहिली ऐंशी-नव्वद टिपणे स्वतः वाचावीत, डॉनेलन यांचा लेख सोडू नये आणि वाचनसामग्री वेळेत उतरवून घ्यावी, कारण शेवटच्या आठवड्यानंतर ती महिनाभरच खुली राहते. मनाच्या तत्त्वज्ञानावरचा पुढचा भाग जाहीर झाला आहे. 'परवा'वरचा निबंध अजून परत आलेला नाही. त्यावर काय शेरा येतो ते पाहूनच मी नाव नोंदवायचे की नाही ते ठरवीन.